मेंढा (लेखा) : एका दृष्टिक्षेपात

ठिकाण : धानोरा तालुका, गडचिरोली जिल्हा. वस्ती गोंड आदिवासींची, लोकसंख्या पाचशेच्या आसपास.

घोषणा : ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार.’

कारभार : ग्रामसभेत निर्णय बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने होतात. एकाचाही विरोध असला तर चर्चा पुढे चालू राहते. विषय समजून घेण्यासाठी वेगळा अभ्यासगट असतो. गावचे नेते देवाजी तोफा आणि सामाजिक कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांनी ही पद्धत रुजवली.

जंगल : वनहक्क कायद्यानुसार 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. असा हक्क मिळवणाऱ्या देशातील पहिल्या गावांत मेंढ्याची गणना होते.

बांबू : एप्रिल 2011 मध्ये तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन बांबूचे वाहतूक परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे सोपवला. तेव्हापासून ग्रामसभाच बांबू विकते आणि गावाला रोजगार देते.

जमीन : 2013 मध्ये गावकऱ्यांनी ग्रामदान कायद्याखाली आपल्या शेतजमिनी ग्रामसभेच्या नावे केल्या. कसण्याचा हक्क मात्र ज्याच्या त्याच्याकडेच राहतो.

महत्त्व : कायद्याने दिलेला अधिकार वापरायचा कसा, हे मेंढ्याने देशातील ग्रामसभांना दाखवून दिले.