फुंकर ओळखायची तर आधी दिवा लावा

सोमेश्वरनगरला दिवाळी येते ती साखर कारखान्याच्या गळिताची चाहूल घेऊनच. अंगणात पणती ठेवावी आणि ज्योत लवली की म्हणावे, "वारा सुटला हं!" पण पणतीच विझलेली असेल तर? झुळूक येऊन गेली तरी कळायची नाही.

औषधे शोधणाऱ्यांपुढे नेमका हाच पेच असतो. आपल्या पेशींच्या आवरणावर 'ग्राही' नावाची प्रथिने असतात. संप्रेरक किंवा औषध येऊन त्यांना चिकटले, की पेशीच्या आत निरोप पोहोचतो. आज वापरात असलेली सुमारे एकतृतीयांश औषधे अशा ग्राहींच्या एकाच मोठ्या कुळामार्फत काम करतात. तरी त्या कुळातले शंभराच्या आसपास ग्राही असे आहेत, की त्यांना जागे करणारे शरीरातले द्रव्य कोणते, हे अद्याप उमगलेले नाही. शास्त्रज्ञ त्यांना 'अनाथ' म्हणतात. उद्याचे एखादे गुणकारी औषध त्यांच्याच दारी अडलेले असेल. पण ते ओळखायचे कसे?

काही ग्राही जागे झाले की पेशीत 'चक्रीय एएमपी' हे निरोप्या द्रव्य वाढते. ते मोजता येते. काही ग्राही मात्र ते घटवतात. मुळात थोडेच असलेले आणखी घटले, तर दिसणार काय? चांगले औषधसुद्धा निरुपयोगी म्हणून केरात जायचे!

येथे कामी आली आपल्या मुंबईची देणगी. १९७०च्या दशकात मुंबईत हेक्स्ट कंपनीच्या संशोधन केंद्रात औषधी वनस्पतींची तपासणी चालली होती. ज्या झुडपाच्या मुळांचे गुजराती घरांत 'गरमर' म्हणून लोणचे घालतात, त्याच्याच मुळांत रक्तदाब उतरवणारे फोर्स्कोलिन सापडले. पुढे १९८१ साली अमेरिकेत सीमन, डेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की हे द्रव्य ग्राहीची वाट न पाहता चक्रीय एएमपी बनवणाऱ्या एन्झाइमलाच थेट चेतवते. म्हणजे पणती पेटली!

आता पेशींत अनाथ ग्राही बसवायचा, फोर्स्कोलिनने एएमपी वाढवायचे आणि एकेक द्रव्य घालून पाहायचे. ज्याने पातळी घसरली, ते बाजूला काढून ठेवायचे. मात्र वात फार मोठी केली तर हलकी फुंकर कळत नाही. म्हणून फोर्स्कोलिनची मात्रा बेताचीच हवी. शिवाय ग्राही नसलेल्या पेशींतही तीच परीक्षा घ्यायची. तेथेही ज्योत लवली, तर फुंकर त्या ग्राहीची नव्हेच! आणि अनाथाचा निरोप कोणत्या वाटेने जातो हेच माहीत नसल्याने, एवढ्या एका परीक्षेवर विसंबूनही चालत नाही.

तेव्हा यंदा शेजारच्या बेनांनी फराळाबरोबर गरमरचे लोणचे पाठवले, तर फोड तोंडात टाकण्यापूर्वी तिच्याकडे जरा आदराने पाहा. जगभरच्या प्रयोगशाळांतली एक पणती तिच्या जोरावर तेवते आहे.