तसबीर द्या, पण नावानिशी द्या

आपल्याकडची इतिहास मंडळे घराघरांतून मिळालेल्या दप्तरांवर उभी राहिली. वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून कागद जमवीत. त्यांच्याच पुढाकाराने १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. ज्यांच्या घरी दप्तर होते, त्यांचा इतिहास लिहिला गेला. ज्यांना अक्षरच नाकारले, त्यांच्या घरी दप्तर कुठून असणार? त्याच १९१० साली पुण्याचे शिवराम जानबा कांबळे महारांना लष्करात पुन्हा घ्यावे, असा अर्ज सरकारकडे करीत होते. बंद केलेली ही भरती पहिल्या महायुद्धात उघडली. १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली. १९२१ साली ती मोडली.

माझे आजोबा त्या पलटणीत होते. गणवेशातली त्यांची तसबीर हेच आमच्या घरचे दप्तर. भिंतीची ओल आणि वाळवी यांपासून ती वाचावी, अभ्यासकांना पाहता यावी, म्हणून आम्ही ती एका स्थानिक इतिहास मंडळाला दिली. नाव, गाव, पलटण सारे सांगितले होते. पावतीवर मात्र उतरले : ‘एक महार शिपाई.’ आम्ही पावती परत केली आणि नाव घालून घेतले.

ही केवळ कारकुनी बाब नव्हे. १८६८ ते १८७५ या काळात इंग्रज सरकारने ‘द पीपल ऑफ इंडिया’ हे छायाचित्रांचे आठ खंड काढले. त्यांत बहुतेक माणसे जातीजमातींचे नमुने म्हणून मांडली आहेत. नाव गळाले की माणसाचा नमुना होतो. तो नमुना मग कुणाच्याही सिद्धान्ताला जोडता येतो.

म्हणून तसबीर देणाऱ्याने काही गोष्टी पाहाव्यात. नाव, गाव, अंदाजे साल, आणि ही माहिती कुणी सांगितली, हे वेगळ्या कागदावर लिहून द्यावे. तसबिरीच्या पाठीवर शाईने लिहू नये. शाई पुढे उमटते. काचेला चिकटलेले चित्र ओढून काढू नये. देण्यापूर्वी चांगली प्रत काढून घरी ठेवावी. दानपत्र दोन प्रतींत करावे. तसबीर कायमची दिली की सांभाळायला दिली, छापताना नाव घालणे बंधनकारक आहे की नाही, आणि मंडळ बंद पडले तर ती कुणाकडे जाईल, हे त्यात स्पष्ट असावे. नोंदवहीतला क्रमांक लिहून घ्यावा.

आपल्या वस्त्यांत अशा तसबिरी अजून आहेत. त्यांतले चेहरे ओळखणारी माणसे मात्र थोडी उरली आहेत. विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी आधी त्या म्हाताऱ्यांकडे वही घेऊन जावे. तसबीर नंतरही देता येईल; नाव सांगणारे माणूस नंतर भेटणार नाही.