शर्यतीचें मैदान कसें राखावें

मढीच्या कानिफनाथांची यात्रा होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत चालते. ती सरतां सरतां तिसगांवच्या आसपास गांवोगांवच्या जत्रांची व त्यांबरोबर बैलगाड्यांच्या शर्यतींची बोलणीं निघतात. आम्ही महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां जत्रांचे पुष्कळ अर्ज पाहिले. त्यांत बक्षिसाची रक्कम ठळक असे. मैदानाविषयीं मात्र एक ओळहि नसे. यास्तव चार गोष्टी लिहीत आहों.

2014 पूर्वींची एक हकीकत सांगतों. एका गांवीं निशाणापलीकडे चाळीस पावलांवर विहीर होती. जिंकलेली जोडी आवरतां आवरेना. गाडीवानानें उडी टाकली. एक बैल विहिरीच्या दगडी काठावर आपटून पायानें कायमचा अधू झाला. त्या घरची पुढील पेरणी उसन्या बैलावर झाली. कागदोपत्रीं सर्व ठीक होतें. तो कागद आम्हींच पुढें पाठविला होता.

पुणे जिल्ह्यांत खेड-जुन्नरकडे चढाच्या घाटावर घड्याळ लावून गाडे सोडतात. सातारा-सांगलीकडे सपाट रानांत जोड्या शेजारीं शेजारीं धांवतात. पद्धत कोणतीहि असो, थांबावयाची जागा आधीं पाहावी व पळण्याची नंतर. निशाणापुढें मोकळें, किंचित् चढतें रान असावें. तेथें विहीर, बांध, झाड अगर प्रेक्षक नसावे. ज्वारीच्या रानांत शर्यत घेणें असल्यास कुळवाच्या पाळ्या घालून धसकटें व दगड वेचून काढावे, कारण धसकटानें खूर फाटतो. भेगाळलेली काळी जमीन टाळावी. आदल्या सायंकाळीं धूळ बसेल इतकेंच पाणी शिंपावें. चिखल झाल्यास बैल घसरतो. दोन्ही अंगांस बांबू रोवून दोर बांधावा व लोकांस त्याच्या बाहेर ठेवण्यासाठीं गांवचीं नेमकीं माणसें उभीं करावीं.

दुसरी गोष्ट वेळेची. नोंदणी व चिठ्ठ्या आदल्या दिवशीं उरकाव्या. सकाळीं उशीर झाला कीं शेवटच्या फेऱ्या अंधारांत जातात, आणि तंटे व अपघात बहुधा त्याच वेळीं होतात. दुपारच्या उन्हांत शर्यत थांबवावी. बैलांस सावली व पाणी हवेंच. परंतु धांवून आलेल्या बैलास आधीं हळूहळू फिरवून दम घेऊं द्यावा, मग पाणी पाजावें.

आतां कायद्याविषयीं. सर्वोच्च न्यायालयानें 7 मे 2014 रोजीं या शर्यतींस मनाई केली. राज्यानें 2017 सालीं कायद्यांत दुरुस्ती केली, तरी 16 डिसेंबर 2021 च्या आदेशापर्यंत शर्यती बंदच राहिल्या. 18 मे 2023 रोजीं घटनापीठानें ती दुरुस्ती ग्राह्य धरली. सात वर्षांची ही बंदी बैलांच्या हालांवरून आली होती, हें विसरतां कामा नये. हल्लीं जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, अनामत रक्कम व पशुवैद्याची तपासणी आवश्यक आहे. धांव 1,000 मीटरांहून लांब चालत नाहीं; काठी, चाबूक व विजेचा झटका यांस मनाई आहे. नियम मोडल्यास पांच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद होऊं शकते. परंतु कोणताहि नियम मैदानावर येऊन दगड वेचीत नाहीं. तें काम गांवानेंच केलें पाहिजे.

शेवटीं हिशेब. प्रवेश फी, वर्गणी, बक्षिसें व ज्याच्या रानांत शर्यत झाली त्याची नुकसानी यांचा जमाखर्च आठ दिवसांत चावडीवर लावावा. हिशेब उघडा असला म्हणजे पुढील वर्षीं वर्गणीस दारोदार हिंडावें लागत नाहीं.

एवढें जमत नसेल तर त्या वर्षीं जत्रा कुस्त्यांवर भागवावी, त्यांत कमीपणा नाहीं. बैल हें कुणब्याचें अर्धें भांडवल आहे. तें एका बक्षिसापायीं घालवूं नये, इतकीच शेतकरी बंधूंस विनंति आहे.