कोयनेची वीज आणि परदेशी कर्ज

मिरा रोडच्या पूनम सागरसारख्या वसाहतीत बटण दाबले की दिवा लागतो, तसाच तो आता खेड्यातल्या शाळेतही लागतो. पण ती वीज उभी करायला पैसा कुठून आला, असे कुणी विचारले तर आपण जरा अडखळतो. आज कोयनेच्या उदाहरणाने हा हिशेब पाहू या.

कोयना महाबळेश्वरला उगम पावते, सह्याद्रीला समांतर दक्षिणेकडे वाहते आणि हेळवाकजवळ एकदम पूर्वेला वळते. पश्चिमेला डोंगर उतरला की लगेच खाली कोकण. तेव्हा पाणी अडवून डोंगराच्या पोटातल्या बोगद्याने पोफळीला सोडले, तर ते सुमारे पावणेपाचशे मीटर खाली कोसळते. त्या जोरावर जनित्रे फिरतात आणि पाणी पुढे वाशिष्ठीला मिळते. कल्पना जुनी होती. टाटांनीही ती चाचपून पाहिली होती. प्रत्यक्ष काम मात्र १९५४ साली सुरू झाले.

आता पैशाचे पाहा. दगड आपला, मजूर आपले. त्यांची मजुरी रुपयांत देता येते. परंतु मोठमोठी जनित्रे त्या काळी आपल्याकडे होत नव्हती, आणि परदेशी कारखानदार रुपये घेत नाही. त्याला डॉलर हवेत. दुसऱ्या योजनेच्या काळात देशाची परकीय चलनाची गंगाजळी आटत चालली होती. म्हणून १९५९ साली जागतिक बँकेकडून कोयनेसाठी अडीच कोटी डॉलरचे कर्ज मंजूर झाले. १९६२ साली वीजनिर्मिती सुरू झाली.

पण कर्ज डॉलरचे, म्हणजे फेडही डॉलरची. गुरुजींनी हे गणित फळ्यावर जरूर घालावे. डॉलर ४ रुपये ७६ पैसे असताना एक लाख डॉलर फेडायला ४ लाख ७६ हजार रुपये पुरत. जून १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले आणि डॉलर साडेसात रुपयांना पडू लागला. त्याच एक लाख डॉलरला आता साडेसात लाख रुपये! कर्ज वाढले नाही, व्याज वाढले नाही. तरी ओझे दीडपटीहून अधिक झाले.

दुसरा खर्च निसर्गाने लादला. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला मोठा भूकंप झाला. पावणेदोनशेच्या आसपास माणसे दगावली. धरणाला भेगा गेल्या. पण धरण उभे राहिले. पुढे ते भक्कम करावे लागले.

तरी काम थांबले नाही. १३ मार्च १९९९ रोजी जलाशयाच्या तळाला पाण्याखालूनच भोक पाडून चौथ्या टप्प्याच्या बोगद्यात पाणी घेतले. आज सर्व टप्पे मिळून प्रकल्पाची क्षमता १९६० मेगावॅट आहे.

वाचकहो, आता जमाखर्चाच्या वहीतली शेवटची ओळ. शिवाजीसागरात शंभराच्या आसपास गावे गेली. माणसे सातारा, सांगली, सोलापूरपासून पार ठाणे-रायगडापर्यंत पांगली. बँकेच्या कर्जाला लेखी करार होता, हप्ता होता, तारीख होती. गावकऱ्यांच्या जमिनीला तसे काही नव्हते. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा राज्यात आला तो १९७६ साली, म्हणजे गावे उठून बरीच वर्षे झाल्यावर. बँकेचा हप्ता एक दिवस चुकवून चालत नाही. पण घर सोडणाऱ्याची जमीन तिसऱ्या पिढीपर्यंत अडून राहते आणि त्यासाठी मोर्चे काढावे लागतात.

परदेशी मदत वाईट, असा याचा अर्थ नव्हे. ती नसती तर दिवे उशिरा लागले असते. मात्र कुठल्याही धरणाची बातमी कानावर आली, की तीन प्रश्न विचारावेत: कर्ज कोणत्या चलनात आहे? अडचण आली तर वाढीव खर्च कोण सोसणार? आणि ज्यांची गावे जाणार, त्यांचे देणे करारात कितव्या ओळीवर लिहिले आहे?