एका टक्क्यासाठी बांधलेला संघ

रूलेटच्या चक्राला मागचा आकडा आठवत नाही. ब्लॅकजॅकचं तसं नाही. टेबलावर पडलेला एक्का पत्ते पुन्हा पिसेपर्यंत परत येत नाही, त्यामुळे उरलेल्या गड्डीत काय असेल याचा अंदाज बांधता येतो. अमेरिकेतल्या एमआयटीच्या विद्यार्थ्यांनी 1980 आणि 90च्या दशकांत कॅसिनोंशी टक्कर घेतली ती याच जोरावर.

वाट त्याआधीच सापडली होती. एमआयटीत गणित शिकवणाऱ्या एडवर्ड थॉर्प यांनी आयबीएम 704 संगणकावर हिशेब मांडला: गड्डीतून अमुक पत्ते गेले तर खेळणाऱ्याचं पारडं किती वरखाली होतं? सर्वांत जास्त फायदा पंज्या गेल्या की होतो. कारण बेरीज सोळापर्यंत असेल तर डीलरला पत्ता घ्यावाच लागतो, आणि सोळावर पंजी आली की त्याचे बरोबर एकवीस, म्हणजे या खेळातली सर्वोच्च बेरीज, भरतात. थॉर्प यांचं ‘बीट द डीलर’ 1962 साली आलं.

पुढे रूढ झालेली मोजणी सोपी आहे. दुर्री ते छक्की दिसली की अधिक एक; दश्शी, चित्रं आणि एक्का दिसला की उणे एक; बाकीचे शून्य. बेरजेला उरलेल्या कॅटांच्या संख्येने भागायचं. उत्तर मोठं आलं, तर गड्डीत मोठे पत्ते जास्त आहेत आणि पैज वाढवायची.

एवढं शाळकरी मुलालाही जमेल. खरी परीक्षा पुढे आहे, कारण हाती लागतो तो फायदा जेमतेम एक टक्क्याचा. शंभर डॉलरच्या पैजेचे दहा हजार डाव खेळलात, तर सरासरी कमाई दहा हजार डॉलर. पण नशिबाची झोकांडी त्याहून मोठी, सुमारे अकरा हजारांची. सगळं अचूक खेळूनही पाच-सहांतला एक जण तोट्यातच उठणार. प्रत्येकी तेवढेच डाव दहा जणांनी सामाईक गल्ल्यातून खेळले, तर तोट्याची शक्यता हजारात दोनपर्यंत उतरते.

संघ हवा तो यासाठी. हार्वर्डमधून व्यवस्थापन शिकलेल्या बिल कॅपलान यांनी 1980 साली ही मंडळी एखाद्या कंपनीसारखी बांधली: गुंतवणूकदारांचं भांडवल, खेळाडूंची कसून चाचणी, प्रत्येक बैठकीची नोंद. काही जण लहान पैजा लावत नुसते मोजत बसायचे. बेरीज चढली की त्यांच्या खुणेवर मोठ्या पैजेचा भिडू टेबलाशी यायचा. त्यांच्यावर बेतलेल्या ‘21’ या 2008च्या चित्रपटात झगमगाट भरपूर आहे. मला मात्र या मुलांचं मोठेपण त्यांच्या हिशेबाच्या वह्यांत दिसतं. लागोपाठ हरतानाही ठरलेलीच पैज लावायची, ही शिस्त हुशारीहून दुर्मीळ आहे.

डोक्यात पत्ते मोजणं हा गुन्हा नाही. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने तर 1982 साली, मोजणाऱ्यांना कॅसिनोने आपणहून हाकलू नये, असा निकाल दिला. नेवाडात मात्र त्यांना दार दाखवता येतं.

कॅसिनोंनीही गणित केलं. कॅट वाढवले, पत्ते लवकर पिसायला लागले, सतत पिसणारी यंत्रं आणली. एक्का आणि दहाचा पत्ता जुळला की शंभरावर दीडशे मिळायचे, ते अनेक टेबलांवर एकशेवीस केले. असा डाव साधारण एकविसात एकदा येतो. तीस भागिले एकवीस, म्हणजे दर शंभरामागे सुमारे 1.4 डॉलर गेले, आणि मोजणाऱ्याचा फायदा होता एक.