प्रिंटर टेबलावरून उतरवला

आमच्या ग्रामसंघाच्या खोलीत एकच टेबल, चार फूट बाय दोन फूट. प्रिंटर आला तेव्हा कौतुकानं आम्ही तो टेबलावर मधोमध ठेवला. पुढच्याच महिन्यात कर्जाच्या कागदांवर सह्या करायला बायका जमल्या, तर टेबलावर हात टेकायला जागा नाही. एकीनं खिडकीत कागद ठेवून सही केली, दुसरीनं वहीवर. एक मावशी कागद वाचायला मागत होत्या. मीच म्हणाले, "मावशी, सही करा आधी, मागं रांग आहे." रात्री ते मनाला लागलं. कर्ज त्यांच्या नावावर, हप्ते त्या फेडणार, आणि टेबल प्रिंटरला!

म्हणून स्टँड करायचं ठरवलं. खोक्यावर छापलेलं माप बहुतेक वेळा बंद प्रिंटरचं असतं. कागदाचे ट्रे उघडले की पुढं किंवा मागं आणखी जागा लागते. आम्ही ट्रे उघडून त्या मापाचा वर्तमानपत्राचा कागद कापला आणि तो ठिकठिकाणी ठेवून पाहिला. फुकटात समजलं, कुठं बसतो ते.

टेबलावरच ठेवायचा चौरंगासारखा स्टँड मिळतो. त्याखाली कागदाचा रीम, फाइली राहतात. पण प्रिंटर उंच जातो. झेरॉक्सचं झाकण वर फळीला अडतं, बुटक्या बाईचा हात काचेवर नीट पोचत नाही. आम्ही टेबलाशेजारी जमिनीवरचा, टेबलापेक्षा थोडा बुटका स्टँड घेतला. लोखंडी अँगलचा, वर प्लायवूड, खाली एक कप्पा. फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेता येतो.

घेताना वर दोन्ही हातांनी दाबून हलवून बघा. पासबुकाची झेरॉक्स काढताना आपण झाकण असंच दाबतो. डुगडुगला तर नको. खालच्या कप्प्यात रीम ठेवला की स्टँड जड होऊन स्थिर राहतो. पाचशे कागदांचा ए-फोर रीम साधारण अडीच किलो भरतो. (कागदाचा कारखाना आपल्याच भिगवणजवळ आहे, पण रीम काही स्वस्त मिळत नाही!) चाकं हवी असतील तर निदान दोन चाकांना लॉक पाहिजे. आमची फरशी उताराची, म्हणून आम्ही चाकं लावलीच नाहीत.

शाईच्या टाकीचा प्रिंटर सपाट जागीच ठेवायचा. तिरका झाला तर शाई सांडू शकते. लेझर प्रिंटर तापतो, त्याला बंद कपाटात कोंडू नका. कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला की आपल्याकडं काजळी उडते, तेव्हा काम संपल्यावर कापड टाका. चालू असताना मात्र नको. केबलही आधी मोजा. ती बहुधा पाच फुटांच्या आसपास असते, आणि जाण्यायेण्याच्या वाटेत आली तर कुणीतरी अडखळणारच. पाण्याचा माठ लांब ठेवा, हे सांगायला नकोच.

गेल्या महिन्यात त्याच मावशी आल्या. खुर्चीवर बसल्या, चष्मा लावला, कागद टेबलावर पसरला. दुसऱ्या पानावर बोट ठेवून म्हणाल्या, "ही रक्कम कशाची गं?" विम्याच्या हप्त्याची होती. मलाही शोधायला पाच मिनिटं लागली. मग त्यांनी सही केली.