लुंबिनीला जाताय? मोमो खा, पण वाफाळते

सोनौलीची सीमा ओलांडली की आपण नेपाळात, म्हणजे परदेशात. धम्मयात्रेची बस थांबते तिथं मोमो, चटपटे, पाणीपुरी दिसतात. नवं जरूर खाऊन बघा. कुणाच्या हातचं म्हणून अन्न बाटत नाही. न धुतलेल्या हातानं आणि दूषित पाण्यानं मात्र आजार होतो.

जून 2022 मध्ये पटकीचे रुग्ण सापडल्यावर काठमांडूजवळच्या ललितपूर महानगरपालिकेनं पाणीपुरीची विक्री बंद केली होती.

मोमो म्हणजे मैद्याच्या पारीत भाजी, चिकन किंवा म्हशीचं मांस भरून वाफवलेला पदार्थ. भांड्यातून समोर काढलेले, आतपर्यंत गरम असलेलेच घ्या. उघडी ठेवलेली चटणी टाळा. चटपटे आपल्या भेळेसारखे. त्यातला चिरलेला कच्चा कांदा, कोथिंबीर धोक्याची. पाणी उकळलेलं किंवा सीलबंदच प्या. सोबत आपली कडक भाकरी अन् शेंगाचटणी असू द्या.

जुलाब लागले तर ओआरएसची पुडी 1 लिटर शुद्ध पाण्यात कालवून घोटघोट द्या. पुडी नसेल तर तेवढ्याच पाण्यात 6 सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. अंगावर पिणाऱ्या बाळाचं दूध तोडू नका.

पेजेसारखे पांढरे जुलाब, शौचातून रक्त, खोल गेलेले डोळे, लघवी बंद, गुंगी, यांपैकी काहीही दिसलं तर लगेच दवाखाना गाठा. बसचा खोळंबा नको म्हणून आई-आजी दुखणं लपवतात. त्यांना रोज स्वतःहून विचारा.